राणीसाहेबांच्या हातातलं पत्र

राणीसाहेबांचा नवरा लढाईत पडल्याची बातमी आली आणि मी फिसकन हसले.

"कट!" पराग सर ओरडले. "कोण हसलं?"

सेटवर चाळीस माणसं होती. चाळीसही जणांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मुंबईहून आलेले आमचे दिग्दर्शक पराग सर खुर्चीतून उठले. राणीसाहेब, म्हणजे शैलजाताई, हातात पत्र धरून तशाच उभ्या होत्या. डोळ्यांतलं ग्लिसरीन गालावर आलं होतं, पण नजर मात्र आता ठणठणीत कोरडी होती.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कोल्हापूरच्या बाहेर एका मोठ्या शेडमध्ये 'रणमंगला' नावाच्या मालिकेचं शूटिंग चालायचं. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक, लढाया तर त्याहून काल्पनिक. मी नुकतीच मराठी घेऊन एम.ए. झालेली आणि कलाविभागात आठवडाभरासाठी उमेदवारीवर लागलेली. तो माझा चौथा दिवस होता.

"मी हसले, सर. चुकले."

"नवरा मेलाय तिचा! हसण्यासारखं काय आहे त्यात?"

खोटं बोलायला हवं होतं. खोकला आला, माशी नाकात गेली, काहीही चाललं असतं. पण पाच वर्षं भाषा शिकून एवढंही सुचू नये याला काय म्हणावं? मी खरं तेच बोलून गेले.

"सर, ताईंच्या हातातल्या पत्रात नवऱ्याचं काही नाही. त्यात रेड्याबद्दल लिहिलंय."

दिवा धरणाऱ्या पोऱ्यानं सुपारी चघळायचीसुद्धा थांबवली.

"कसला रेडा?" शैलजाताईंनी विचारलं.

मी पुढं होऊन पत्र हातात घेतलं. मोडी लिपीतलं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं, पण अक्षर खणखणीत. मी वाचून दाखवलं. "विज्ञापना ऐसीजे, तुमचा रेडा दोन वेळां आमचे परसांत शिरोन दुधी भोपळ्याचा वेल खाऊन गेला. त्यास समज द्यावी. न दिल्यास आम्ही देऊं. मग रेड्याचे अंगावर वळ दिसले तर आम्हांस बोल लावूं नये. बहुत काय लिहिणें."

पहिल्यांदा कॅमेरामन हसला, मग मेकअपवाली, आणि मग सगळी शेड. हसला नाही तो एकच माणूस. आमचे आर्ट डायरेक्टर आबा सुतार.

आबांनी उमेदीची वर्षं थिएटरांवरची पोस्टरं रंगवण्यात घालवली होती. शाळेशी त्यांचं चौथीतच बिनसलं, पण नुसत्या थर्माकोलमधून किल्ल्याचा बुरुज असा उठवायचे की त्याच्यावर चढावंसं वाटे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढं माझ्या मार्कांची पत्रकं ठेवली होती. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "कागद बरा हाय. पाठीमागं कोरा हाय, स्केच काढाय चालंल." तेव्हापासून ते मला 'एम्मे' म्हणत. एम्मे, सुतळी आण. एम्मे, गोंद ढवळ. सिंहासनाचा पाय हलतोय, एम्मे, खाली बसून धर जरा.

ते रेड्याचं पत्र आबांचंच. जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडं त्यांना मिळालेलं. त्याच्या झेरॉक्स काढून, चहात भिजवून ते नऊ वर्षं वापरत होते. त्या एका कागदावर दोन राज्यं जिंकली गेली होती, तीन लग्नं जमली होती आणि एका सरदाराचा कडेलोट झाला होता. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं, कारण ते कुणाला वाचताच येत नव्हतं.

"मग? रेड्याचं असंल," आबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "घरात बसून बघणारा ते वाचतोय काय? बाई रडती का न्हाई तेवढंच बघतोय त्यो."

आबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पंचाईत एवढीच झाली की बाई आता रडेना.

दुसरा टेक. शैलजाताईंनी पत्र उलगडलं, ओठ थरथरले, आणि त्या फसकन हसल्या. तिसरा टेक. "नाथ!" म्हणून त्यांनी टाहो फोडला आणि त्याच टाह्याचं खिदळणं झालं. चौथ्याला तर पत्र हातात यायच्या आधीच त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"नाही हो जमत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मला समोर तो रेडा दिसतोय. कुणीतरी त्याला समज देतंय."

पराग सरांनी घड्याळ बघितलं. गुरुवारचे चार वाजले होते आणि हा भाग शुक्रवारी संध्याकाळी सातला दाखवला जायचा होता. आमच्या मालिकेत शिल्लक म्हणून काही नसे. आज शिजवायचं, उद्या वाढायचं.

"आबा, त्या मुलीला आत्ताच्या आत्ता काढा."

मला काढून चालणार नव्हतं. का ते सांगायलाच हवं. गारगोटीला बाबांचं केशकर्तनालय आहे. बाबांच्या दृष्टीनं मराठी विषयात एम.ए. करणं म्हणजे आपल्याच घरचा पत्ता शिकायला पाच वर्षं बाहेरगावी राहण्यासारखं होतं. "मराठी तर आम्ही बी बोलतोय की," ते म्हणायचे. "तुला त्यात जादा काय येतंय?" मामांनी दूध संघात शब्द टाकून माझ्यासाठी जागा धरली होती. गावोगावच्या दुधाचं फॅट तपासायची नोकरी, कायमची. शनिवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. फार रडारड केली तेव्हा बाबांनी मला हा एक आठवडा दिला होता. शुक्रवारपर्यंत आबांनी मला कायम केलं नाही, तर उरलेला जन्म मी फॅट बघणार होते. मी तीन वेळा फोन करून सांगायचा प्रयत्न केला होता. प्रत्येक वेळी बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक खोळंबलंय, शनिवारी बघू."

आणि आता तर शुक्रवारसुद्धा उजाडणार नव्हता.

आबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, परत ठेवली. "काढतो की," ते म्हणाले. "पण हिनं जी घाण केलीय ती हिलाच निस्तरू दे आधी. ए एम्मे, वाचायला येतंय तर लिवायला बी येत असंल?"

"येतं."

"मग नवरा मेल्याचं खरंखुरं पत्र लिव. अर्धा तास देतो. मग पिशवी उचलायची आन् गारगोटीची यष्टी धरायची."

मला कपडेपटाच्या खोलीत एक चौरंग, बोरू, शाई आणि चहात भिजवून वाळवलेला कागद मिळाला. शेजारी सरदारांचे चाळीस जिरेटोप एकावर एक रचून ठेवले होते. मी बोरू शाईत बुडवला. काय लिहिलं ते इतक्यात विचारू नका. अर्ध्या तासानं पान भरलं होतं, वरपासून खालपर्यंत, एवढं मात्र सांगते.

सेटवर आले तर शैलजाताई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"आधी वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते कळल्याशिवाय आता मी कुठलाच कागद हातात धरणार नाही."

"ताई, वेळ नाही हो," पराग सर म्हणाले.

"रेड्याला वेळ होता, याला नाही? वाच गं."

आबा माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी कागद डोळ्यांसमोर धरला. मग वाचायला लागले.

"राणीसाहेबांचे सेवेसी, सेवक रायाजीचे दंडवत. विज्ञापना ऐसीजे, घोडा सुखरूप आहे. त्याचे पाठीवरील जखम भरत आली. वैरण खात नव्हता, काल दोन घास खाल्ले. सरकारांचा शेला धुऊन पाठविला आहे. डाग निघाला नाही. मोजड्या पाठवीत नाही, त्या पायीं होत्या. देवघरांतील समईची वात सरकार स्वतः पुढें सारीत असत. ती आतां कोणी सारावी, याची आज्ञा व्हावी. बहुत काय लिहिणें."

ताईंनी माझ्या हातातून कागद घेतला.

"पण मेला असं कुठं आहे यात?" पराग सरांनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मग लोकांना कळणार कसं?"

"मला कळलं ना," शैलजाताई हळूच म्हणाल्या. "लावा कॅमेरा. ग्लिसरीन नको."

त्या टेकमध्ये ठरलेलं काहीच झालं नाही. 'नाथ' नाही, टाहो नाही. ताईंनी पत्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याची नीट घडी घातली, पदराखाली धरली, आणि शोभेसाठी कोपऱ्यात पेटवून ठेवलेल्या समईपाशी जाऊन बोटानं वात पुढं सारली. बोट भाजलं असावं, पण त्यांनी ते मागं घेतलं नाही. पराग सर 'कट' म्हणायचंच विसरले. मेकअपवाली तोंडात पदर धरून रडत होती आणि मलाही हुंदका आवरेना. आपण मनानं रचलेल्या माणसासाठी आपणच रडावं याची मला लाज वाटली, पण रडले खरी.

आबा मला बाजूला घेऊन गेले.

"तुझ्या घरातलं कोण गेलंय काय गं अलीकडं?"

"नाही, आबा."

"मग हे कुठनं आणलंस?"

"जुनी पत्रं वाचली अभ्यासाला. चारशे बारा. दप्तरखान्यात बसून." मी नाक पुसलं. "कुणी गेलं की लोक घोड्याचं लिहायचे, कपड्यांचं लिहायचे. जे लिहायचं ते लिहवत नसे म्हणून."

आबांनी तंबाखू मळली. "यष्टी उद्याची धर," ते म्हणाले. "आज सिंहासनाचा पाय ऱ्हायलाय."

आता खरं सांगायला हरकत नाही. मी जे वाचून दाखवलं त्यातलं एक अक्षरही त्या कागदावर नव्हतं.

अर्धा तास मिळाला होता आणि त्यातली पंधरा मिनिटं मी नुसती जिरेटोपांकडे बघत बसले होते. डोक्यात फक्त शनिवार होता. कागद तर भरायला हवा, नाहीतर आबा बाहेरून हाका मारणार. मग जे पोटात होतं तेच बोरूतून उतरलं, भराभर, एका दमात. मोडी कुणाला वाचता येणार होती? ताई 'वाच' म्हणाल्या तेव्हा मात्र माघार घ्यायला जागा उरली नाही. घोडा, शेला, समई हे सगळं मी त्या भलत्याच कागदावर नजर ठेवून, उभ्या उभ्या, तिथल्या तिथं रचलं. ती चारशे बारा माणसं मदतीला धावली म्हणून निभावलं. म्हणजे आबांच्या रेड्याला हसून तासही झाला नव्हता, आणि मी तोच उद्योग केला होता.

टेक झाल्यावर मी आबांकडं पत्र परत मागितलं. म्हटलं, अक्षर जरा सुधारून देते.

"हात लावू नको," आबा म्हणाले. "पुढच्या भागात बी हेच दिसाय पायजे. कुलपात ठेवलंय."

रात्रभर मी मनाची समजूत घालत राहिले. दोन सेकंद दिसेल न दिसेल, कोण वाचतंय? पण आमच्या मालिकेची रीत माझ्या लक्षात राहिली नव्हती. 'रणमंगला'मध्ये कुठलीही गोष्ट एकदा दाखवून भागत नसे. ती तीनदा दाखवायची, दर वेळी ढगांच्या गडगडाटासह, दर वेळी थोडी आणखी जवळून. आणि भाग संपला की त्याच चित्रावरून आम्हा सगळ्यांची नावं वर सरकायची.

शुक्रवारी दिवसभर आबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. कायम करतो म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. संध्याकाळी मी पिशवी भरून ठेवली आणि उरलेली मशाल रंगवत बसले. साडेसात वाजून गेले असतील. ऑफिसातला फोन वाजला. आबांनी उचलला. "व्हय, आर्ट डिपार्टमेंट," एवढं म्हणाले आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाचा खण उघडून त्यातलं पत्र काढलं, डोळ्यांसमोर धरलं, उलटं करून परत सुलटं धरलं.

"तुझा बाप हाय," ते म्हणाले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"बाबा?"

"पत्र मिळालं," बाबा म्हणाले.

"कुठलं पत्र?"

"राणीच्या हातात दिलं हुतंस ते."

"तुम्हाला... तुम्हाला कसं वाचता आलं?"

"मला कुठलं येतंय! कणसे नाना खुर्चीत हुता. मोजणी ऑफिसात जल्म काढलाय त्यानं, जुने उतारे वाचण्यात. निम्मी दाढी केली हुती मी. टीव्हीवर ती बाई पत्र उघडती तवर नाना तोंडाला फेस घेऊन ताडकन उठला. म्हटला, सदा, टीव्हीपुढनं सरक. मी म्हटलं, आवाज मोठा करू? म्हटला, आवाज बंद कर, मला वाचाय दे. गडगडाट झाला, त्यानं पहिल्या दोन ओळी वाचल्या. परत गडगडाट झाला, आणि दोन वाचल्या. म्हटला, अरं लेका, ह्ये तर तुला लिवलंय."

"दुकानात कोण कोण होतं?"

"सहा गिऱ्हाइकं. आन् चहावाला."

मी डोळे मिटून घेतले. त्या कागदावर काय होतं ते मला तोंडपाठ होतं, आजही आहे.

'तीर्थरूप बाबांचे सेवेसी, अपत्य हेमाचे साष्टांग नमस्कार. विज्ञापना ऐसीजे, शनिवारी मला दूध संघांत घालूं नये. मला दुधाची पारख नाहीं. माणसाच्या बोलण्याची आहे. तुम्ही विचारतां, मराठी शिकून जादा काय येतें. तें मला सांगतां येत नाहीं, करून दाखवितां येईल. तुम्ही रोज बारा तास उभे राहून मला शिकविलें. तुमचे पाय दुखतात तें मला ठाऊक आहे. तें उभें राहणें मी वाया घालविणार नाहीं. तोंडानें सांगावयास गेलें तर तुम्ही वस्तऱ्यास धार लावीत बसतां, म्हणोन लिहिलें.'

"नानानं दोनदा वाचलं," बाबा म्हणाले. "नावं वर सरकाय लागली तवा आणि एकदा. सगळ्यांम्होरं."

"चिडलाय तुम्ही?"

"चिडाय काय झालंय?" ते थांबले. "तोंडानं सांगायचंस की."

"सांगत होते, बाबा. तीनदा फोन केला."

"आसंल," ते म्हणाले. पलीकडं कुणीतरी खाकरलं. "मामाला मी सांगतो. दुधाचं फॅट कुणी बी बघंल." मग आवाज जरा वेगळा झाला. "ती राणी रडत हुती बघ टीव्हीवर, पदराखाली पत्र धरून. आन् हितं..."

"हितं काय, बाबा?"

"हितं नानाची निम्मी दाढी ऱ्हायलीय. ठेवतो."

फोन ठेवल्याचा आवाज आला तरी मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. समोर आबा होते. पत्र अजून त्यांच्या हातातच होतं. माझा घोडा, माझा शेला, माझी समई, सगळं उभ्या उभ्या रचलेलं होतं हे त्यांना आता कळलं होतं.

"म्हंजे ह्याच्यात त्यो रायाजी न्हाईच," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"आन् तू माझ्या रेड्याला हसलीस."

आबांनी पत्राची घडी घातली, खणात ठेवली, कुलूप लावलं. मग भिंतीवरच्या पाटीवर उद्याच्या कामांची यादी होती, तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"उद्या तहनामा हाय. दोन पानी. सकाळी आठला ये आन् लिवाय घे. तहच लिवायचा."

"हो, आबा."

"आन् एक," ते पाठमोरेच म्हणाले. "ती अक्षरं मला बी शिकीव. रोज पाच. तुझ्यावर नजर ठेवाय दुसरा इलाज दिसत न्हाई."